कुंभाचं नाक

काही वर्षांपूर्वी एका प्रवासलेखात मी बिनदिक्कत लिहून गेलो होतो, की कुंभकोणम म्हणजे कुंभाचा कोन, घागरीचा कोपरा. लेख छापून आला, चार जणांनी आवडल्याचं कळवलं, हरकत कुणीच घेतली नाही. घागरीला कोपरा कुठून येणार, हे विचारायला भूमिती लागत नाही. पण संस्कृतसारखं दिसणारं नाव आपण मराठी माणसं फार चटकन आपलं करून टाकतो. कुंभ कळला, कोण कळला, आणखी खोदायचं कशाला?

ते न खोदण्याचं देणं या पुस्तकाच्या रूपाने फेडतो आहे. 'भाषांतर' या शब्दाबद्दलचं हे पुस्तक. भाषांतर कसं करावं हे त्यात नाही. करणाऱ्याने आपल्या कामाला काय काय नावं दिली आणि त्या नावांच्या पोटात काय दडलंय, एवढंच त्यात आहे. आणि अशा पुस्तकाची सुरुवात करायला, ज्या गावाचं नावच भाषांतर आहे त्याहून सोयीची जागा मला सापडली नाही.

तेवारमच्या शैव स्तोत्रांत या गावाला कुडमूक्कु म्हटलंय. तमिळमध्ये कुडम् म्हणजे घागर, मूक्कु म्हणजे नाक. घागरीचं नाक म्हणजे तिची तोटी. प्रलयकाळी ब्रह्मदेवाने अमृताचा कुंभ पाण्यावर सोडला, तो तरंगत दक्षिणेला आला, शंकराने किराताच्या वेशात बाण मारून तो फोडला आणि अमृत सांडलं ते इथे, अशी स्थळकथा. आदिकुंभेश्वराचं देऊळ याच कथेवर उभं आहे. पुढे कुणीतरी नावाचं संस्कृत केलं: कुंभघोणम्. घोणा म्हणजे नाक. शब्दाला शब्द, अवयवाला अवयव. परीक्षेत पैकीच्या पैकी मिळावेत असं काम. पण तमिळ लिपीत क, ख, ग, घ या चौघांना मिळून एकच अक्षर आहे. त्या अक्षरात शिरलेला 'घ' बाहेर पडताना 'क' होऊन पडायला कितीसा वेळ लागणार? नाक गेलं, कोन आला. मी ज्या कोपऱ्यात जाऊन आपटलो तो हाच.

गंमत अशी, की यातलं एकही नाव मेलं नाही. स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर कुंभकोणम आहे. जुन्या संस्कृत पोथ्या-पुस्तकांवर कुंभघोणम् दिसतं. आणि तमिळ माणूस जिव्हाळ्याने बोलायला लागला की आजही 'कुडन्दै' म्हणतो, आळ्वार संतांनी म्हटलं तसंच. आसपासच्या गावांचीही हीच कथा. मरैक्काडु, म्हणजे वेदांचं रान, ते झालं वेदारण्यम. मुदुकुन्रम, म्हणजे जुना डोंगर, ते वृद्धाचलम. तिरुवैयारु म्हणजे पाच नद्यांचं गाव, म्हणून पंचनदम्. मोर नाचतात तो घाट, मयिलाडुदुरै, त्याचं मायूरम झालं होतं. १९८२ साली सरकारने ते मोडून परत मयिलाडुदुरै केलं. कावेरीच्या या पट्ट्यात नकाशा हाच द्विभाषिक कोश आहे, तोही दोन्ही बाजूंनी उघडणारा.

आता युरोपाकडे जाऊ, कारण इंग्रजीतला 'ट्रान्सलेशन' हा शब्द तिकडून आला आणि त्याने आपल्या डोक्यात एक चित्र पक्कं बसवलं. लॅटिनमधल्या 'ट्रान्सलातिओ'चा सरळ अर्थ पलीकडे नेणं. मध्ययुगात हा शब्द पुस्तकांइतकाच हाडांसाठी वापरला जाई. संताचे अवशेष एका जागेवरून उचलून दुसरीकडे समारंभाने ठेवणं म्हणजे ट्रान्सलातिओ. व्हेनिसच्या व्यापाऱ्यांनी ८२८ साली अलेक्झांड्रियातून संत मार्कचे अवशेष पळवून आणले, असं तिथली परंपरा सांगते. ती चोरीही कागदोपत्री ट्रान्सलातिओच. बिशपला एका गादीवरून दुसऱ्या गादीवर नेमलं तरी हाच शब्द, म्हणजे आपली साधी सरकारी बदली. भूमितीत त्रिकोण न फिरवता नुसता सरकवला तरी ट्रान्सलेशन. पेशीत आरएनएवरचा मजकूर वाचून प्रथिनाची साखळी जुळवली जाते, तिलाही जीवशास्त्रवाले तेच म्हणतात. हाडं, बिशप, त्रिकोण आणि प्रथिनं, सगळ्यांना एकच गाडी.

हे चित्र मला पूर्वीपासून थोडं खटकतं. उचलून नेलं म्हणजे मूळ जागा रिकामी झाली. अलेक्झांड्रियात मागे काय उरलं? आपल्याकडे आषाढीला आळंदीहून पालखी निघते तेव्हा त्यात पादुका असतात. त्या पंढरीला जातात आणि परत येतात. समाधी जागची हलत नाही. भाषांतराला वाहतुकीचीच उपमा द्यायची असेल, तर मला ती पालखीची बरी वाटते. मूळ ग्रंथ ज्या घरात होता त्याच घरात राहतो.

अर्थात बदली या अर्थाने ट्रान्सलेशन पाहायचं असेल, तर कुंभकोणमने एक नामी उदाहरण दिलंय. १८२८ साली इथल्या एका तंजावरी मराठी देशस्थ घरात टी. माधवराव जन्मले. हेच पुढचे राजा सर टी. माधवराव. आधी त्रावणकोरचे दिवाण, मग इंदूरचे आणि १८७५ ते १८८२ या काळात बडोद्याचे. ज्या बडोद्याला आपण सयाजीरावांच्या नावाने ओळखतो, त्याची घडी सयाजीराव अल्पवयीन असताना या गृहस्थांनी बसवली आणि पोरसवदा महाराजांना राज्यकारभाराचे धडेही दिले. घरात मराठी, रस्त्यावर तमिळ, कचेरीत इंग्रजी. त्रावणकोरात मल्याळम, बडोद्याच्या बाजारात गुजराती. या माणसाला कुठली भाषा 'मूळ' होती आणि कुठली 'नंतरची', हे ठरवायला बसलो तर दिवस जाईल. इंदूरला गेलेल्या दिवाणसाहेबांनी कुंभकोणम मागे ठेवलं असंही म्हणवत नाही. तंजावरी मराठी बोलणारी घरं या गावात आजही आहेत. तमिळ शेजारी त्यांना 'रायर' म्हणतो. आपल्या 'राव'चंच भावंड असलेल्या 'राय'ला तमिळमध्ये आदराचा प्रत्यय लागून झालेलं ते रूप. सांबाराची आणि संभाजीराजांची गोष्ट वाचकाच्या ओठावर आली असेल. ती मी मुद्दाम टाळतो. फार ऐकली, पुरावा काही भेटला नाही.

तमिळमध्ये भाषांतराला शब्द आहे मोळिपेयर्प्पु. मोळि म्हणजे भाषा. पेयर् या धातूचा अर्थ जागचं हलणं, उखडून सुटणं. म्हणजे चित्र पुन्हा हलवण्याचंच, लॅटिनची सावलीही न पडता तयार झालेलं. तोल्काप्पियम या जुन्या व्याकरणग्रंथात आधीच्या ग्रंथावरून नवा ग्रंथ रचण्याचे प्रकार सांगितलेत: संक्षेप, विस्तार, दोन्हींची सांगड आणि चौथा भाषा बदलून केलेली रचना. चौघांना एकाच ओळीत बसवलंय, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. भाषांतरकाराची पंगत त्यांनी वेगळी मांडली नाही. सारांश करणारा, फुलवून सांगणारा आणि दुसऱ्या भाषेत सांगणारा, सगळे एकाच धंद्यातले.

याच धातूचा आणखी एक वापर संगम काव्यात सापडतो आणि तो वाचला त्या दिवशी मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसता बसलो होतो. नायक धन कमवायला दूर गेला आहे. कुठे? वेंगडाच्या, म्हणजे आजच्या तिरुपतीच्या डोंगरापलीकडे, 'मोळिपेयर् देयम्'मध्ये, जिथे भाषा बदलते त्या मुलुखात. कावेरीकाठी उभं राहून उत्तरेकडे पाहिलं तर तो मुलूख आधी तेलुगूंचा आणि त्याहून पुढे आपला. त्या नायिकेच्या लेखी आपण सगळे भाषा हलून गेलेल्या देशात राहतो. आपल्याला आजवर वाटत होतं, की भाषा बदलते ती सोलापूरच्या पुढे.

मराठीकडे असे शब्द मोजायला गेलो तर हाताची बोटं संपतात. 'भाषांतर' हा मुळात देशांतरासारखा शब्द, नुसताच 'दुसरी भाषा' असा. क्रियेचा अर्थ त्याला वापराने चिकटला. 'अनुवाद'चं घराणं जुनं. न्यायशास्त्रात आणि मीमांसेत अनुवाद म्हणजे आधी सांगितलेलं पुन्हा सांगणं. तिथे भाषा बदलायची अटच नाही. ज्ञानेश्वरीतलं अनुवादणं म्हणजेही बोलणं, उकलून सांगणं. शके १२१२ मध्ये नेवाशात जे घडलं त्याला कुणी भाषांतर म्हटलं नाही, ती टीका. सातशे श्लोकांच्या नऊ हजार ओव्या होतात, तेव्हा 'पलीकडे नेलं' हे वर्णन कसं पुरणार? वस्तू नेताना इतकी वाढत नाही.

'तर्जुमा' अरबीतून फारसीमार्गे आपल्या दफ्तरात आला आणि बराच काळ तिथेच राहिला. त्याला अजून शाईचा आणि लाखेच्या मोहोरेचा वास येतो. त्याचा सोबती दुभाषा. मद्रासेकडे कंपनीच्या दुभाष्यांना 'दुबाश' म्हणत आणि ते नुसते शब्द बदलत नसत. उधारी, माल, लाच आणि बातमी हे सगळं त्यांच्याच हातून जाई. पाँडिचेरीच्या आनंद रंग पिळ्ळै या दुबाशाची अठराव्या शतकातली रोजनिशी वाचली, तर भाषांतर हा किती पैशाचा व्यवसाय होता ते कळतं. हल्ली पानाचा दर ऐकून याची आठवण काढू नये हेच बरं.

प्राकृताचा संस्कृत पाठ देतात त्याला 'छाया' म्हणतात. हालाच्या गाथा आपल्या महाराष्ट्री प्राकृतातल्या; त्या छापताना खाली छाया देण्याची पद्धत आहे. संस्कृत ही सावली आणि लोकभाषा हे अंग, असं म्हणणारा हा एवढा एकच शब्द मला ठाऊक आहे.

आणि 'उल्था'. हा माझा सर्वांत लाडका. उलथणे या क्रियापदातून आलेला, भाषांतर याच अर्थाचा, आता जवळजवळ विसरलेला. कुंभकोणमला महामहम तळ्यापासून जवळच्या एका मेसमध्ये सकाळी मी त्याचं प्रात्यक्षिक पाहिलं. तव्यावर डोसा. कडा सुटून तांबूस झाल्या, तशी आचाऱ्याने पातळ लोखंडी पात खाली सरकवली, मनगटाला हिसका दिला आणि डोसा पालथा. त्या हत्याराला काय म्हणतात, म्हणून हाताने खूण करून विचारलं. 'दोसैतिरुप्पी,' तो म्हणाला. तिरुप्पी म्हणजे उलटवणारी. आपलं उलथणं. नाव तेच, काम तेच. त्यात कुणी काही कुठे नेत नाही. डोसा त्याच तव्यावर राहतो, फक्त आजवर न दिसलेली बाजू वर येते. आणि पहिली बाजू? ती आता आच खात असते. भाषांतर करताना मराठीची बाजू वर आली, की मूळ वाक्य खाली गप्प भाजत असल्याचा भास मला नेहमी होतो.

ज्या तळ्याजवळ हे घडलं त्याबद्दल मराठी वाचकाला एक सांगायलाच हवं. गुरू सिंहेत आला की नाशिकला सिंहस्थ भरतो, आणि त्याच सिंहेतल्या गुरूला धरून माघातल्या मघा नक्षत्रावर कुंभकोणमचा महामहम येतो. २०१५-१६ मध्ये गोदाकाठी पर्वणी झाली, आणि २०१६ च्या फेब्रुवारीत इथे. एकच ग्रह, दोन भाषांत वाचलेला.

या भागात राज्य करायला आलेल्या मराठ्यांनी भाषांतराचा प्रश्न वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या तऱ्हेने सोडवला. तंजावरच्या एकोजीराजांचा मुलगा शहाजी (राज्यकाळ १६८४ ते १७१२) याने कुंभकोणमजवळचं तिरुविसनल्लूर हे गाव १६९३ साली ४६ पंडितांना इनाम दिलं आणि त्याचं नाव शहाजीराजपुरम ठेवलं. स्वतः राजाने मराठीत आणि तेलुगूत नाटकं लिहिली. त्याचं 'पंचभाषाविलास' तर संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी आणि हिंदी अशा पाच भाषांत आहे. वेगवेगळ्या प्रांतांच्या राजकन्या रंगभूमीवर येतात आणि आपापल्या भाषेत बोलतात. त्यांच्यामध्ये दुभाषा उभा नाही. प्रेक्षकांना सगळं कळत असणार, किंवा कळेल तेवढं पुरत असणार. आज आपण दोन भाषांच्या नाटकालाही उपशीर्षकं लावतो.

शंभरेक वर्षांनी सरफोजी दुसरे यांनी छापखाना घातला आणि १८०६ मध्ये 'बालबोध मुक्तावली' छापली. हा इसापनीतीचा सखण पंडितांनी केलेला मराठी अवतार. मुंबईत मराठी छपाई रुजण्याआधी ग्रीक कोल्हा तंजावरात मराठी बोलू लागला होता, ही गोष्ट आपल्या वाङ्मयेतिहासात अजून नीट जागा मागते आहे. त्याच दरबाराची मोडी कागदपत्रं पुढे उलटी फिरली. आजच्या मराठी माणसाला मोडी वाचता येत नाही आणि तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने १९८९ मध्ये त्यातल्या निवडक कागदांचे तमिळ खंड काढले. त्या खंडांवर शब्द आहे तमिळाक्कम्, तमिळ करणं. म्हणजे आपल्या पूर्वजांनी दिवाबत्तीला तेल किती दिलं, हे समजून घ्यायला मला आधी तमिळ शिकावं लागणार. न्याय आहे.

कुंभकोणमच्या वाट्याला मात्र महाभारत आलं, तेही दुहेरी. टी. आर. कृष्णाचार्य आणि टी. आर. व्यासाचार्य यांनी इथल्या मध्वविलास बुक डेपोतर्फे दाक्षिणात्य पाठाचं संस्कृत महाभारत काढलं. छापलं कुठे? मुंबईत, जावजी दादाजींच्या निर्णयसागरात, १९०६ पासून पुढे. दक्षिणेत संस्कृत लिहायचं ते बहुतेकदा 'ग्रंथ' नावाच्या लिपीत, नाहीतर तेलुगू लिपीत. ते देवनागरीत उतरलं आणि मुंबईच्या सुबक खिळ्यांतून 'कुंभकोणम प्रत' म्हणून देशभर गेलं. पुण्यात भांडारकर संस्थेत चिकित्सक आवृत्तीचं काम सुरू झालं तेव्हा दाक्षिणात्य पाठाची छापील ओळख होती ती मुख्यतः हीच. भाषा न बदलता, केवळ लिपी बदलून ग्रंथाला नवे वाचक मिळाले. याला भाषांतर म्हणायचं की नाही, यावर पुस्तकात एक प्रकरणभर भांडलो आहे. जवळपास त्याच दशकांत, त्याच गावात, म. वी. रामानुजाचारी महाभारताचं तमिळ भाषांतर पंडितांकडून करवून घेऊन खंडाखंडाने काढत होते. त्यात त्यांची पंचवीसेक वर्षं गेली. पदरचे पैसे गेले ते वेगळेच.

याच गावच्या सरकारी महाविद्यालयात १८८० मध्ये उ. वे. स्वामिनाथ अय्यर तमिळचे शिक्षक म्हणून आले. इथले मुन्सफ सेलम रामस्वामी मुदलियार यांनी त्यांना 'तुम्ही जीवकचिंतामणी वाचलंय का?' असं विचारलं आणि नाही म्हणताना त्यांना संकोच वाटला. ग्रंथ तमिळच, पण जैनांचा. शब्द ओळखीचे, अर्थ बंद. व्याकरण येत असूनही ओळी उलगडेनात. तेव्हा हे शैव ब्राह्मण पंडित कुंभकोणममधल्या जैन घरांत जाऊन बसले. ज्या संज्ञांवर पंडित अडले होते, त्या त्या घरांत रोजच्या बोलण्यातल्या होत्या. १८८७ मध्ये त्यांची जीवकचिंतामणीची आवृत्ती निघाली. तमिळमधून तमिळमध्ये झालेलं हे भाषांतर, आणि त्याचा प्रवास किती? दोन गल्ल्या.

या शब्दाच्या मागे लागून मी जे शिकलो ते त्या दोन गल्ल्यांत मावतं. युरोपी शब्दाने आपल्याला समुद्र, गलबत आणि ओझं दिलं. कुंभकोणमला मात्र मला भाषांतरं दिसली ती शेजारी राहणाऱ्यांची. कुडमूक्कु आणि कुंभघोणम्, रायर आणि राव, जैन गृहस्थ आणि शैव पंडित, ही सगळी एकाच पेठेत नांदतात. शार्ङ्गपाणीच्या देवळात देवाचं तमिळ नाव आरावमुदन, कितीही प्यालं तरी तृप्ती न होणारं अमृत. संस्कृत नाव अपर्याप्तामृत. भक्त दोन्ही नावांनी हाक मारतात आणि कुठलं आधीचं हे देवाला कुणी विचारत नाही.

आणि चुकीचं काय, असं विचाराल. घोणेचा कोन होतो त्याचं काय?

त्यासाठी गावापासून सहा-सात किलोमीटरवर तिरुनागेश्वरमजवळच्या ओप्पिलिअप्पनला जावं लागतं. ओप्पु म्हणजे तुलना. ओप्पिलि अप्पन म्हणजे ज्याला तोड नाही असा बाप, निरुपम. पण उप्पु म्हणजे मीठ. एका स्वराच्या फरकाने देव उप्पिलिअप्पन झाला, मिठावाचूनचा. कथाही जोडली गेली: मार्कंडेय ऋषींची मुलगी लहान होती, तिला स्वयंपाकात मीठ किती घालायचं ते कळत नव्हतं, विष्णूने तिला मागणी घातली तेव्हा बापाने ही अडचण सांगितली, आणि देव म्हणाला, मी अळणी खाईन. तेव्हापासून इथला नैवेद्य बिनमिठाचा. देवळात मीठ न्यायचंही नाही.

मी गेलो तेव्हा दुपारची आरती नुकतीच झाली होती. द्रोणात दहीभात मिळाला, गार, मोहरी आणि आल्याचा. पहिल्या घासाला जीभ मीठ शोधत राहिली. शेजारी एक पाच-सहा वर्षांचा मुलगा आजीला काहीतरी पुन्हा पुन्हा विचारत होता आणि ती त्याच्या तोंडात भात भरत लांबलचक उत्तर देत होती. त्यातला एकच शब्द मला कळला, उप्पु. का उप्पु, हे तिने त्याला काय सांगितलं ते कळलं नाही. मुलाने द्रोण पुढे करून आणखी मागितला.